अहवालावर माझं नाव

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून मी सिस्टिम अ‍ॅनालिस्ट. पत्रावर पुढे 'ट्रेनी' आहे, पण संग्राम म्हणाला, "तो शब्द एचआरसाठी गं. काम तू अ‍ॅनालिस्टचंच करणार."

चार वर्षं टेस्टिंग केलं. दुसऱ्यांनी बनवलेल्या स्क्रीनवर बटणं दाबायची आणि कुठे मोडतं ते शोधायचं. शनिवार-रविवार कोर्स केला, तीनदा अर्ज केला. दोन वेळा माझ्यापेक्षा लहान मुलांना घेतलं. या वेळी संग्रामने माझ्यासाठी शब्द टाकला. टीम लीड असून असं कोण करतं?

आई वाडीत अळू कापत होती. तिने विचारलं, "म्हणजे नेमकं काय करणार?"

मी सांगितलं, लोक काम कसं करतात ते त्यांच्याजवळ बसून बघायचं, विचारायचं, आणि त्यांच्यासाठी कसली सिस्टिम हवी ते लिहून द्यायचं.

"म्हणजे चहाड्या," ती म्हणाली आणि हसली.

पहिलंच काम आपल्या हॉस्पिटलचं आहे! मी जिथे रजिस्ट्रेशन काउंटरला तीन वर्षं बसले तिथलं. पपा गेले त्या वर्षी त्यांचे मित्र व्हिन्सेंट अंकल यांनी तिथे सांगून मला चिकटवलं होतं. संग्रामला हे सगळं माहीत आहे. म्हणाला, "म्हणूनच तू. तुला लोक सांगतील. मला कोण सांगणार?"

९ जानेवारी

रेकॉर्ड रूम तशीच आहे, एक्स-रेच्या मागे, छतापर्यंत फायली. अंकल एकतीस वर्षं तिथे आहेत. हाताखाली रोशनी आणि आणखी दोघं.

अंकल माझ्याशी घरच्या बोलीत बोलतात. रिपोर्टची सवय लागावी म्हणून इथे मी ते शाळेच्या मराठीत लिहिते आहे. त्यात त्यांचं अर्धं हसू गळून जातं.

आज एक बाई आली. "आमच्या ज्युडची फाईल द्या," एवढंच बोलली. हॉस्पिटलात ज्युड लोपीस नावाचे अकरा पेशंट आहेत. कॉम्प्युटरवर नाव टाकलं तर अकराही दिसतात. अंकलनी मान वर न करता विचारलं, "विहिरीजवळचा की शाळेमागचा?" बाई म्हणाली, शाळेमागचा. फाईल हजर.

फायलीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं असतं: 'टेंपोवाला', 'होळी आळीचा, सासरा बँडवाला', 'हा पेनिसिलिन घेत नाही, भाऊ घेतो'. हे कुठल्याच फॉर्मवर नाही.

मला कळलं, माझं काम हेच आहे. हा कोपरा सिस्टिममध्ये आणायचा.

१६ जानेवारी

संग्रामने तक्ता पाठवला आहे. प्रत्येक कामाची पायरी, ते कोण करतं, किती मिनिटं लागतात. मी मोबाईलवर वेळ लावून बसले. अंकल म्हणाले, "माझी शर्यत लावतेस काय?" रोशनी 'पळा, पळा' म्हणून ओरडली. खूप हसलो.

एका फायलीला सरासरी चार मिनिटं. संग्रामला कळवलं, त्याने लगेच गुणाकार केला. "म्हणजे चौघांचं मिळून काम एका माणसाचंसुद्धा भरत नाही."

मी म्हटलं, ते फोन घेतात, म्हाताऱ्यांना चिठ्ठी वाचून दाखवतात, कुणाचं कुणाशी नाव जुळतंय ते ओळखतात.

"ते प्रोसेसमध्ये बसत नाही. रिमार्कमध्ये टाक."

रिमार्कमध्ये टाकलं.

२७ जानेवारी, सोमवार

आज दोन गोष्टी.

एक. मी धीर करून संग्रामला विचारलं की अहवालावर नाव कुणाचं जाणार. मागच्या वर्षी माझ्या टेस्ट रिपोर्टवर दुसऱ्याचंच नाव गेलं होतं आणि मी काही बोलले नव्हते. तो म्हणाला, "या वेळी तुझं. फक्त तुझं. प्रॉमिस." घरी येताना बेकरीतून आईसाठी केक घेतला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

दोन. डबा खाताना अंकलनी विचारलं, "फेली, हे मशीन आल्यावर आमचं काय गं?"

मी तिथूनच संग्रामला फोन लावला. "अगं, कोणाला काढतायत? ट्रेनिंग देतील. सांग त्यांना बिनधास्त."

मी सांगितलं. अंकल म्हणाले, "तू सांगतेस ना, मग झालं."

नंतर त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली. पेन्सिलचं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं घरी उतरवून ठेवलंय. गाव, आळी, टोपणनाव, कुणाला वाचता येत नाही, कुणाच्या घरी निरोप देताना कुणाला कळू द्यायचं नाही. त्यांच्या बायकोने, मटिल्डा आंटीनेही ती उघडलेली नाही म्हणे. म्हणाले, "घेऊन जा. पण जे खाजगी आहे ते मशीनला सांगू नकोस."

मी शब्द दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

संग्रामकडे बोळिंजला जेवायला. चौदावा मजला, गॅलरीतून खाडीपर्यंत दिसतं. त्याच्या बायकोने, हेमांगीने, अख्खा मसूर केला होता. मी दोनदा वाढून घेतला.

तो मूळचा कराडकडचा. पहिल्या नोकरीत त्याचं काम साहेबाने स्वतःच्या नावावर खपवलं, ते सांगताना त्याचा आवाज बदलला. "तेव्हाच ठरवलं, मी माझ्या माणसांना असं करणार नाही." असा माणूस वरिष्ठ मिळायला नशीब लागतं.

जेवणानंतर तक्ता बघितला. त्याने शेवटी एक रकाना वाढवलाय: 'आवश्यक मनुष्यबळ, आज आणि नंतर'. मी म्हटलं, हे मला कसं कळणार? "राहू दे, मी भरतो," म्हणाला आणि लॅपटॉप मिटला. मग हेमांगीने आईस्क्रीम आणलं.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊनच ऑफिसला गेले. अहवाल संग्रामकडे दिला. बासष्ट पानं. खाजगी एकही गोष्ट आत नाही, तीनदा तपासलं. तो म्हणाला, फॉरमॅटिंग करून मी पुढे पाठवतो.

उपासकाळात मी गोड सोडलंय. आई म्हणते, फोन सोड.

२१ मार्च

नवी सिस्टिम रेकॉर्ड रूममध्ये लावून दाखवली. 'ज्युड लोपीस' टाकलं की अकरा चेहरे येतात, खाली आळी, टोपणनाव, आणि औषध चालत नसेल तर लाल पट्टी. अंकलनी चष्मा पुसून परत बघितलं. म्हणाले, "अक्षर माझं नाही. पण आहे माझंच."

वसुंधरा मॅडम हॉस्पिटलच्या प्रशासक. कुणाचं कौतुक करण्यासाठी प्रसिद्ध नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला. "फार सखोल काम केलंत."

अंकलनी सगळ्यांना वडे आणले. मी आयुष्यात काहीतरी धड केलं असं आज पहिल्यांदा वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी अकराला मटिल्डा आंटीचा फोन. मला वाटलं ईस्टरचं काही असेल.

"व्हिन्सेंटला पत्र दिलंय. तीस तारखेपर्यंत यायचं, मग नाही."

मी विचारलं, रोशनीला? तिलाही. चौघांनाही.

"आंटी, काहीतरी चूक असेल, मी आत्ता संग्रामला..."

"तुझं नाव आहे त्याच्यावर, फेली," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने पत्रासोबत जोडलेल्या पानाचा फोटो पाठवला. पान सहासष्ट. 'शिफारशी: रेकॉर्ड विभागातील चारही पदांची यापुढे आवश्यकता नाही. श्री. व्हिन्सेंट यांच्याकडील माहिती प्रणालीत पूर्णपणे समाविष्ट करून घेण्यात आली आहे.' खाली, 'अहवाल तयार करणार: फेलिशिया तुस्कानो, सिस्टिम अ‍ॅनालिस्ट.'

ट्रेनी हा शब्द नाही.

१२ एप्रिल

संग्रामने पाचव्या वेळी फोन उचलला.

"तो सेक्शन क्लायंटला हवा होता, फेलिशिया."

"माझ्या नावाखाली? मला न दाखवता?"

"नाव तूच मागितलंस ना? दिलं मी. आणि आकडे कोणाचे आहेत? चार मिनिटं कोणी मोजली?"

"तू म्हणाला होतास कुणाला काढणार नाहीत."

"मी म्हणालो, मला वाटत नाही काढतील."

तो असं म्हणाला नव्हता. माझ्याकडे तारखेसकट लिहिलेलं आहे. पण मी ते बोलले नाही. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. 'बरं' का म्हणाले?

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मी देवळात येत नाही म्हटलं तर आईने साडी नेसता नेसता सांगितलं, "आज गेली नाहीस तर कधीच जाता येणार नाही." गेलो. आमच्या बाकावर नेहमी सहाजण बसतात. आज आम्ही दोघीच. मटिल्डा आंटी गायकवृंदात होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाहिलंच नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

अंकलकडे गेले. वही परत द्यायची होती. ते ओट्यावर नारळ सोलत होते. बस म्हणाले नाहीत, उभंही राहू दिलं नाही. पायाने स्टूल पुढे सरकवलं.

मी सगळं सांगितलं. पान बासष्टच्या पुढचं मी लिहिलेलं नाही, मला फसवलं, मला माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "माहीत नव्हतं, की विचारलं नाहीस?"

मी वही ओट्यावर ठेवली.

"तो संग्राम आला असता ना, त्याला मी फायली दाखवल्या असत्या. कपाटं दाखवली असती. वही दाखवली नसती." नारळाची शेंडी ओढत राहिले. "लॉरेन्सची मुलगी म्हणून सांगितलं. नाहीतर तू कोण?"

पपांचं नाव ऐकून मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. समजूत काढली नाही. आतून आंटीने हाक मारली, "कोण आहे?" ते म्हणाले, "कुणी नाही."

१६ एप्रिल

ही डायरी मागून वाचली. १६ फेब्रुवारी. मी तो रकाना पाहिला होता. 'आज आणि नंतर'. एवढं शुद्ध मराठी मला समजत नव्हतं असं नाही. मी आईस्क्रीम खाल्लं.

फसवलं त्याने, हे खरंच. पण फसवून घ्यायला मी स्वतः चालत त्याच्या चौदाव्या मजल्यावर गेले.

२० एप्रिल, ईस्टर

काही नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

वसुंधरा मॅडमना भेटले. माझी बासष्ट पानं, पाठवल्याची तारीख, सगळं नेलं. त्यांनी शांतपणे चाळलं.

"म्हणजे शेवटची चार पानं तुमची नाहीत."

"नाहीत."

"तुमचं वाईट वाटतं. पण निर्णय ट्रस्टींचा आहे, आणि तो अहवालामुळे झालेला नाही. अहवालामुळे सोपा झाला."

मग त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. मला वाटतं त्यांना खरंच मदत करायची होती, किंवा जबाबदारी स्वतःवरून काढायची होती. आमच्या कंपनीचा प्रस्ताव होता, ९ डिसेंबरचा. सही संग्रामची. 'चार पदे कमी होतील' हे त्यात तेव्हाच लिहिलेलं होतं. त्याखालचं वाक्य मॅडमनी बोट ठेवून वाचायला दिलं:

'विभागप्रमुख जुने असून माहिती देण्यास नाखूश असण्याची शक्यता आहे. त्यांच्या परिचयातील, त्याच समाजातील कर्मचारी नेमण्यात येईल.'

९ डिसेंबर. माझ्या पदाची मुलाखत १८ डिसेंबरला झाली होती. मी मुलाखतीसाठी मावसबहिणीचा ब्लेझर मागून आणला होता. संग्रामने मला विचारलं होतं, 'व्हाय डू यू वॉन्ट टू बी अ‍ॅन अ‍ॅनालिस्ट?' मी पाठ केलेलं उत्तर दिलं आणि तो मान डोलावत राहिला.

मी कुठेच निवडली गेले नव्हते. अंकल निवडले गेले होते. मी त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता.

मॅडमना म्हटलं, "एक सांगते. त्यांच्या वहीतलं सगळं सिस्टिममध्ये नाही. खाजगी मी घातलं नाही. आणि उद्या नवे पेशंट येतील, त्यांची आळी कोण विचारणार? सिस्टिम विचारत नाही. कुणीतरी भरलं तर दाखवते."

त्या पहिल्यांदा अस्वस्थ झाल्या. "हे लेखी द्या."

२३ एप्रिल

लेखी दिलं. एक पान. पान ६३ ते ६६ माझी नाहीत, माझं नाव त्यावरून काढावं. सिस्टिमला काय येत नाही त्याची यादी. निदान एक जाणकार माणूस रेकॉर्ड रूममध्ये हवा, नाहीतर लाल पट्टी चुकीच्या ज्युडवर लागेल. प्रत ट्रस्टींना, प्रत आमच्या कंपनीला. खाली सही.

२८ एप्रिल, सोमवार

संग्रामने केबिनमध्ये बोलावलं. ओरडेल वाटलं होतं. त्याने चहा मागवला आणि एक पत्र पुढे केलं. कन्फर्मेशन. ट्रेनी काढलेलं.

"तू इमोशनल झालीस, समजू शकतो. क्लायंटला मी सांभाळतो. तू फक्त ते लेटर मागे घे." मग म्हणाला, "पुढचा प्रोजेक्ट मस्त आहे. अर्नाळ्याची मच्छीमार सोसायटी. होड्यांची नोंद, बर्फ, डिझेल, सगळं कागदावर. तुझी ओळख असेल ना तिकडे?"

मी विचारलं, "प्रस्ताव गेला का?"

"हो, का?"

"कुणाचा समाज लिहिलायस या वेळी?"

त्याचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग तो चिडला नाही, उलट थकल्यासारखा म्हणाला, "प्रत्येक प्रोजेक्ट असाच असतो गं. माणसं कमी होतात म्हणून तर सिस्टिम विकली जाते. तुला काय वाटलं, कशासाठी घेतात?"

हे खोटं नाही. तेच तर वाईट आहे. पण तो हे ६ जानेवारीला सांगू शकला असता.

राजीनामा लिहिला. चहा प्यायले नाही.

९ मे

रोशनी भेटली, तलावाजवळ. ती बोलते माझ्याशी, थोडी तुटक. ट्रस्टींनी एक जागा ठेवली, सहा महिन्यांसाठी. अंकलना विचारलं होतं. ते म्हणाले, मी पत्र घेतलंय, रोशनीला ठेवा, तिला आळ्या पाठ आहेत. वही त्यांनी तिला दिली.

"तुझ्या चिठ्ठीमुळे झालं असं मॅडम म्हणाल्या," रोशनी म्हणाली.

"अंकलना सांगितलंस?"

"सांगितलं. काही बोलले नाहीत." मग म्हणाली, "बाकी दोघांचं काय, तेही विचार ना."

दोघांपैकी एक घरी आहे, एक रिक्षा चालवतो.

१९ मे

शुक्रवारची मुलाखत अंधेरीची. सॅम्पल म्हणून काय दाखवणार? माझी बासष्ट पानं लेखी पत्राला जोडून गेली; माझ्याकडे एकच अहवाल आहे, मॅडमनी दिलेली सहासष्ट पानांची प्रत. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि म्हणाले, "इम्प्रेसिव्ह. चार पोझिशन्स." मी म्हटलं ते पान माझं नाही. "नाव तर तुमचं आहे," म्हणाले. कळवतो म्हणाले.

आज लिंक्डइनवर संग्रामचा फोटो. अर्नाळ्याचा समुद्र, शेजारी एक मुलगी, गळ्यात आमच्या कंपनीचं कार्ड. 'वेलकम स्वप्नाली, अवर न्यू ट्रेनी अ‍ॅनालिस्ट. अ लोकल टॅलेंट!' तिचं हसू मला बघवलं नाही.

२४ मे, शनिवार

अर्नाळ्याला गेले. आई म्हणाली, "आता त्यात तू का पडतेस?" मी म्हटलं, पडले आहेच.

सोसायटीच्या ऑफिसबाहेर बांबूंवर शेवटचे बोंबील वाळत होते. स्वप्नाली आत तिच्या काकीशेजारी बसली होती. काकी होड्यांची नोंद ठेवते. स्वप्नाली विचारत होती, काकी सांगत होती, मधेच तिच्या केसातलं गवत काढत होती. माझ्याकडे बघून काकीने विचारलं, "कोन गं ती? पानी दे तिला."

आम्ही दोघी बाहेर होड्यांकडे गेलो. मी सुरुवात केली आणि थांबता आलं नाही. अंकल, तक्ता, रकाना, ९ डिसेंबर. ती चोवीसची असेल. ऐकता ऐकता तिचा चेहरा कडक होत गेला.

"संग्राम सर म्हणाले होते, एक जण रागाने सोडून गेलीय. तुम्हीच का?"

"मीच."

"ते म्हणाले तुम्हाला प्रेशर झेपलं नाही."

मी पिशवीतून अहवाल काढला. पान सहासष्ट उघडून दिलं. तिने ते दोनदा वाचलं, खालच्या ओळीसकट.

"हे तुमचं नाव."

"हो."

"तुम्ही तुमच्या अंकलना सांगितलंत की काही होणार नाही."

"हो."

"मग मी तुमच्यावर का विश्वास ठेवू?"

वाऱ्याने पान फडफडत होतं. मी शेवटी म्हटलं, "नको ठेवूस. माझ्यावर नको. फक्त तुला घेण्याआधी त्यांनी सोसायटीला काय लिहून दिलं, ते काकीकडून मागून बघ. फाईल तिच्याच कपाटात असेल."

तिने ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. काकीने हाक मारली, "सपना, चहा!"

"आले," ती ओरडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही जा. पण हे ठेवून जा."

ऑफिसचा लॅपटॉप परत केलेला, माझ्याकडे ही एकच प्रत होती. अंधेरीवाल्यांचा फोन आला तर दाखवायला दुसरं काही नाही. मी सहासष्टच्या सहासष्ट पानं तिच्या हातात दिली. शेवटचंही.